बैठकीतले कपाट आणि त्यातच बसवलेली संगीतयंत्रणा : सल्ला हवा आहे

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

नमस्कार. शाहूनगरच्या बाजूला आमच्या घराचे बांधकाम आता रंगकामापर्यंत आले असून त्यानंतर लगेच सुतारकाम सुरू होईल. बैठकीची खोली १४ फूट लांब आणि ११ फूट रुंद आहे. तिच्या एका लांब भिंतीला खिडकी किंवा दार नसल्यामुळे त्या भिंतीलगत गुडघ्याच्या थोडे वर येईल असे लांबलचक बैठे कपाट करावे, असे घरात ठरले आहे. पाहुण्यांची अंथरुणे-पांघरुणे, कागदपत्रांच्या फायली, सणासुदीचे सामान आणि थोडी पुस्तके या कपाटात राहावीत, आणि वडिलांनी जपलेल्या नाट्यसंगीताच्या व अभंगांच्या तबकड्या, तबकडीयंत्र, अँप्लिफायर आणि स्पीकर हेही त्यातच सामावावेत, अशी कल्पना आहे. तारा लोंबकळताना दिसू नयेत, ही घरच्यांची एकमेव पण कडक अट आहे.

आमच्या मिस्त्रींनी सुचवलेला उपाय सरळ आहे. कपाटाच्या दोन्ही टोकांच्या खणांत पुढच्या प्लायला गोल भोके पाडायची, त्यांत स्पीकर स्क्रूने आवळायचे आणि त्यामागच्या जागेत गाद्या-उशा ठेवायच्या. म्हणजे वेगळ्या पेट्यांचा खर्च वाचेल आणि जागाही वाया जाणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. दुसरीकडे, फर्निचरच्या दुकानांत ब्लूटूथ स्पीकर आधीच बसवलेली तयार युनिटे मिळतात, तीही पाहून आलो. दिसायला ती देखणी आहेत, परंतु आत नेमके काय बसवले आहे हे विक्रेत्यालाही सांगता आले नाही.

माझे प्रश्न असे आहेत. स्पीकर कपाटातच कायमचे बसवावेत की सुटे ठेवून कपाटात फक्त त्यांची जागा करावी? तबकडीयंत्र त्याच कपाटावर चालेल का? आणि सामान व संगीत एकाच लाकडी चौकटीत नांदवायचे असेल तर मिस्त्रींना आधी काय काय सांगून ठेवावे लागेल? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

तरफेची_तार (मिरज)

मी व्यवसायाने सुतार नाही, परंतु मिरजेत सतारमेकर गल्लीच्या आसपास वाढल्यामुळे लाकूड आणि आवाज यांचे नाते लहानपणापासून डोळ्यांसमोर आहे. आपल्या मिस्त्रींच्या योजनेत जो धोका आहे तो त्याच अनुभवाच्या उलट बाजूने सांगता येईल.

सतारीचा किंवा तंबोऱ्याचा भोपळा आणि त्यावर बसणारी लाकडी तबली यांचे काम तारेच्या कंपनात सामील होण्याचे असते. तार एकटी छेडली तर तिचा आवाज हातभरही पोचत नाही. घोडीवाटे, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवाटे, ते कंपन तबलीला मिळते आणि तबली आतली हवा हलवते, तेव्हा कुठे वाद्य बोलू लागते. म्हणून इथले कारागीर तबलीसाठी तुणीचे मुरलेले लाकूड निवडतात आणि तिची जाडी बोटांनी ठोकून, कान देऊन ठरवतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच कसबामुळे.

स्पीकरच्या पेटीकडून मात्र नेमकी उलट अपेक्षा असते. गायकाचा आणि वाद्यांचा आवाज ध्वनिमुद्रणात आधीच पूर्ण झालेला असतो, त्यामुळे पेटीने त्यात स्वतःचे काहीही मिसळू नये. पातळ फळी कंप पावू लागली की काही विशिष्ट सुरांवर ती गुणगुणते, आणि मग पुरुषी आवाज पिंपात बोलल्यासारखे ऐकू येतात. तुमच्या कपाटाची पुढची बाजू चांगली सात-आठ फूट लांब असेल आणि तिला मध्ये आधार कमी असतील, तर ती तबलीसारखीच वागेल. वाद्याला हा गुण शोभतो, कपाटाला शोभत नाही.

दुसरी गोष्ट गाद्या-उशांची. स्पीकरचा पडदा जितकी हवा पुढे ढकलतो तितकीच मागेही ढकलतो. मागची ही लहर पुढच्या लहरीला मिळाली की खालचे स्वर, म्हणजे पखवाजाचा आणि डग्ग्याचा भरदारपणा, एकमेकांना खाऊन टाकतात. ही भेट टाळण्यासाठीच बंद पेटी लागते. ज्या खणाचे दार रोज उघडायचे आहे त्याच्या फटींतून हवा येत-जात राहणार, आणि पाहुणे आले की गाद्या बाहेर निघून आतली मोकळी जागा दुप्पट होणार. थोडक्यात, पाहुण्यांच्या संख्येप्रमाणे तुमच्या घरचा डग्गा बदलत जाईल.

झाळणी (कराड)

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. मी जुने रेडिओ आणि रेडिओग्राम दुरुस्त करतो, त्यामुळे कपाट आणि संगीतयंत्रणा एकत्र करण्याचा हा प्रयोग मागच्या पिढीने कसा केला होता ते थोडे विस्ताराने लिहितो. आज नवे म्हणून विकले जाणारे पुष्कळसे त्यात येऊन गेले आहे.

रेडिओग्राम म्हणजे पायांवर उभे असलेले, उंची लाकडी पॉलिशचे बैठे कपाट. त्यात एका बाजूला रेडिओ, झाकणाखाली तबकडीयंत्र, खाली जाळीच्या कापडामागे स्पीकर आणि कडेच्या खणात तबकड्या उभ्या ठेवायची सोय असे. बऱ्याच यंत्रांत गॅरार्ड किंवा बीएसआर या ब्रिटिश बनावटीचे स्वयंचलित चेंजर असत. मधल्या उंच दांड्यावर पाच-सहा तबकड्या रचून ठेवल्या की एक संपल्यावर दुसरी आपोआप खाली पडे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-चार मिनिटांत संपते, त्यामुळे त्या काळी ही सोय चैनीची नव्हती, गरजेचीच होती. १९४८ साली कोलंबियाने ३३⅓ फेऱ्यांची लाँगप्ले आणली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले.

या कपाटांमध्ये दोन गोष्टी फार विचाराने केलेल्या दिसतात. पाठीचा पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड सगळीकडे भोके पाडलेला असे, कारण व्हॉल्व्ह सतत तापत आणि ती ऊब वरून निघून जाणे आवश्यक होते. दुरुस्तीला येणाऱ्या अनेक रेडिओग्राममध्ये नेमकी हीच पाठ भिंतीला घट्ट चिकटवून ठेवलेली किंवा आत वर्तमानपत्रे कोंबून बंद केलेली आढळते. मग आतले मेणाचे कपॅसिटर वितळून चॅसिसवर, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावर, ओघळलेले असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे तबकडीयंत्र कपाटाच्या फळीवर थेट आवळलेले नसे. ते स्प्रिंगांवर तरंगते ठेवलेले असे. याचे कारण तुमच्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे. सुई हे कंपन टिपणारे यंत्र आहे आणि ते कंपन तबकडीच्या खाचेतून आले की खालच्या लाकडातून, हे तिला कळत नाही. स्पीकरचा हादरा फळीतून सुईपर्यंत गेला तर तो अँप्लिफायरमध्ये वाढून पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो, आणखी मोठा होऊन पुन्हा सुईकडे येतो आणि काही क्षणांत खोली घुमू लागते. आवाज कमी केला की थांबते, वाढवला की पुन्हा सुरू होते. यंत्र नवे असताना वाहतुकीसाठी या स्प्रिंगा लांब स्क्रूंनी जखडलेल्या असत. पुष्कळ घरांत ते स्क्रू कधी सोडलेच गेले नाहीत आणि मालक मंडळी वर्षानुवर्षे यंत्राला दोष देत बसली.

रेडिओग्राम मागे पडला त्याची कारणे अनेक आहेत. ट्रान्झिस्टर आला, कॅसेट आली, घरे लहान झाली. परंतु माझ्या मते एक कारण त्याच्या रचनेतच होते. १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि डावा-उजवा आवाज वेगळा ऐकण्यासाठी दोन स्पीकरांमध्ये अंतर हवे झाले. चार फुटांच्या कपाटात ते अंतर मिळणार तरी कसे? कॅनडातल्या क्लेअरटोन कंपनीने १९६४ साली ‘प्रोजेक्ट जी’ हा नमुना काढून स्पीकर चक्क कपाटाबाहेर, दोन टोकांना काळ्या गोळ्यांच्या रूपात बसवले. कपाट आणि स्पीकर यांना एकमेकांपासून दूर करण्याची गरज त्यांना तेव्हाच कळली होती.

पुणे_बंगलोर_रस्ता (कोल्हापूर नाका, कराड)

इतका खटाटोप कशासाठी, हे मला समजले नाही. चांगल्या प्रतीचे दोन स्वयंपूर्ण स्पीकर आणावेत, कपाटावर ठेवावेत आणि फोनवरून गाणी लावावीत. आयकिया आणि सोनोस या कंपन्यांनी २०१९ मध्ये भिंतीवर फळीसारखा लावता येणारा स्पीकर काढला होता. त्यावर चार पुस्तकेही ठेवता येत. म्हणजे सामान आणि संगीत एकत्र करण्याचा प्रश्न इतका लहान करूनही सुटतो. कपाट हे कपाटच राहू द्यावे.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

आपले म्हणणे रास्त आहे, परंतु वडिलांच्या तबकड्या फोनवर येत नाहीत आणि घरात दोन लहान मुले असल्याने कपाटावर सुटे ठेवलेले स्पीकर आठवडाभरही जागेवर राहणार नाहीत. त्यामुळे ते कुठेतरी खणात, जाळीआड असणे आवश्यक आहे. तरफेची_तार आणि झाळणी यांचे प्रतिसाद वाचून मिस्त्रींशी पुन्हा बोललो. वेगळी बंद पेटी करून ती खणात सरकवायची असेल तर आपली हरकत नाही, फक्त मापे लिहून द्या, असे ते म्हणाले. साडेसहा इंची वूफर (खालच्या स्वरांचा स्पीकर) आणि एक ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) असा जोड घ्यायचा विचार आहे.

फडताळ (सांगली)

सगळी चर्चा स्पीकरवर चालली आहे, म्हणून सामानाच्या बाजूने थोडे लिहिते. घरातली वस्तू कुठे ठेवायची हे जो ती रोज काढतो त्याने ठरवावे, नाहीतर सहा महिन्यांत कपाट एकीकडे आणि सामान दुसरीकडे अशी गत होते.

सर्वांत आधी झाकणाचा विचार करा. वर उचलून उघडायचे झाकण चित्रात फार सुबक दिसते. प्रत्यक्षात बैठकीतल्या कोणत्याही सपाट पृष्ठभागावर संध्याकाळपर्यंत वर्तमानपत्र, किल्ल्या, विजेचे बिल, शेजारून आलेली वाटी आणि कोणाचा तरी चष्मा जमा होतो. आमच्या सासरी रेडिओग्राम होता. त्याच्या झाकणावर आधी क्रोशाचा रुमाल आला, रुमालावर फुलदाणी आली, मग लग्नातला फोटो आला आणि शेवटी तबकडी लावायची म्हणजे आधी देव्हारा हलवल्यासारखे सगळे उतरवावे लागे. साहजिकच तबकड्या लावणे बंद पडले. यंत्र बिघडले म्हणून नव्हे, झाकण उघडेना म्हणून.

शिवाय आपल्याकडे गौरी-गणपती अशा बैठ्या कपाटावरच बसतात. आरास, मखर आणि समया मांडल्यावर ते दिवस झाकण उघडण्याचा प्रश्नच येत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरात गाणी हवी असतात. म्हणून तबकडीयंत्र बाहेर सरकणाऱ्या ट्रेवर ठेवावे की कपाटाच्या एका टोकाला वेगळी, थोडी उंच जागा करून त्यावर ठेवावे, हे घरातल्या सर्वांना विचारून ठरवा. मला दुसरा पर्याय बरा वाटतो, कारण ट्रे कितीही चांगल्या चॅनेलवर असला तरी हलतो.

आत काय ठेवायचे यालाही आवाजाचा नियम आहे. स्टीलची भांडी, काचेचे सामान, फराळाचे डबे किंवा सुटे पितळी दिवे स्पीकरच्या शेजारच्या खणात ठेवू नका. ठराविक सुरावर एखादे झाकण असे काही थरथरते की स्पीकर फाटला, असेच वाटते. त्या जागी गोधड्या, चादरी, उशा ठेवाव्यात. कपडा हादरे गिळतो. काचेची सरकती दारे टाळा, नाहीतर खाचेत मखमली पट्टी लावून घ्या.

तबकड्या आडव्या एकावर एक रचू नयेत, त्या वाकतात. त्या सरळ उभ्याच ठेवाव्यात, पण फार सैलही नाहीत, कारण तिरक्या राहिल्या तरी वाक येतो. त्यांचा खण आतून किमान ३३ सेंटिमीटर उंच आणि तितकाच खोल असावा, म्हणजे बाहेरचे पाकीट पुढे येत नाही. फूटभर ओळीत साधारण पंच्याहत्तर-ऐंशी तबकड्या बसतात आणि त्यांचे वजन पंधरा ते वीस किलोपर्यंत जाते. सलग चार फुटांची फळी दोन-तीन वर्षांत मध्ये झोळते. दर सव्वा फुटाला उभी फळी द्या.

आवाज_आणि_अंक (विश्रामबाग, सांगली)

फडताळताईंनी झाकणाचा मुद्दा मांडला तो लाख मोलाचा आहे. मी मापे देतो.

साडेसहा इंची वूफरसाठी बंद पेटी करायची तर सर्वसाधारणपणे १२ ते १५ लिटर आतली जागा पुरते. नेमका आकडा वूफरच्या माहितीपत्रकातील व्हीएएस (पडद्याच्या लवचिकतेइतकी हवेची जागा), क्यूटीएस (कंपन किती लवकर शमते ते) आणि एफएस (वूफरची स्वतःची कंपनसंख्या) या तीन मूल्यांवरून ठरतो. हे पत्रक ज्याच्यासोबत मिळत नाही तो वूफर घेऊ नका, कारण त्याची पेटी अंदाजानेच करावी लागते. आतून २० सेंटिमीटर रुंद, ३२ सेंटिमीटर उंच आणि २४ सेंटिमीटर खोल अशी पेटी घेतली तर १५.३६ लिटर होतात. वूफरचा मागचा भाग, आतला आधार आणि क्रॉसओव्हर (उंच व खालचे स्वर वेगळे करणारी जोडणी) यांची जागा वजा केली की साधारण १४ लिटर उरतात.

पेटी १८ मिलिमीटरच्या एमडीएफची किंवा चांगल्या प्लायची असावी. पुढची फळी दोन थर चिकटवून ३६ मिलिमीटरची केली तर उत्तम. समोरासमोरच्या दोन मोठ्या बाजूंना जोडणारी एक आडवी पट्टी आत घालावी, पण ती बरोबर मध्यावर नसावी. मध्यावर ठेवली की दोन्ही अर्धे भाग एकाच सुरावर कंप पावतात. सगळे सांधे फेव्हिकॉलने भरून, तारेच्या भोकाभोवतीही सीलंट लावावे. आत हलका कापूस किंवा पॉलिएस्टरचे भरण सैलसर ठेवावे.

आता कपाटाचा खण. तो पेटीपेक्षा चारही बाजूंनी दीड-दोन सेंटिमीटर मोठा ठेवा. पेटी थेट फळीवर टेकवू नका. खाली चार कोपऱ्यांना निओप्रीनचे किंवा मऊ रबराचे जाड तुकडे ठेवा आणि पुढच्या कडेची फट फोमच्या पट्टीने भरा. पेटीचा चेहरा कपाटाच्या चेहऱ्याशी समपातळीत असावा. पेटी खणात हातभर आत ढकलली तर पुढचा खणच बोगद्यासारखा घुमतो.

बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून सुमारे तीन-सव्वातीन फुटांवर असतो आणि तुमचे कपाट त्याहून ठेंगणे आहे. उंच स्वर सरळ रेषेत जातात, त्यामुळे ट्वीटर गुडघ्याकडे रोखलेला राहिला तर सारंगीची धार आणि टाळेचा झंकार ऐकणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. पेटीचा चेहरा काही अंश वर कललेला करा, किंवा दोन टोकांचे खण बाकी कपाटापेक्षा उंच ठेवा. दोन स्पीकरांमध्ये सहा ते आठ फूट अंतर ठेवून साधारण तितक्याच अंतरावर समोर बसायची जागा असावी. तुमची खोली ११ फूट रुंद असल्याने हे जमण्यासारखे आहे. खालच्या स्वरांसाठी वेगळा सबवूफर घेतलात तर मात्र त्याला दिशेचे बंधन फारसे नसते, साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला ओळखता येत नाही. तो कोपऱ्यात कुठेही चालेल, फक्त कपाटाच्या आत नको.

जाळीसाठी वेताची विणलेली चटई किंवा सैल विणीचे कापड वापरा. भोके पाडलेला पत्रा दिसायला आधुनिक वाटतो, पण तो ब्लूटूथच्या लहरी अडवतो.

आयर्विन_पूल (गावभाग, सांगली)

आमचा अनुभव तयार युनिटचा आहे आणि तो सांगणे आवश्यक वाटते. ब्लूटूथ आणि एफएम बसवलेले, खाली दोन ड्रॉवर आणि मध्ये टीव्हीची जागा असलेले एक युनिट आम्ही इथल्याच एका दुकानातून घेतले होते. वॉरंटी संपल्यावर आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला. तो बोर्ड त्याच युनिटसाठी बनवलेला असल्याने दुसरा मिळेना, आणि त्याच्या जागी वेगळा अँप्लिफायर बसवावा तर भोकांची मापे जुळेनात. कपाट लाकूड म्हणून धडधाकट होते, पण त्याच्या तोंडावर मुका डिस्प्ले आणि निर्जीव बटणे तशीच राहिली. लाकडी सामान पंचवीस-तीस वर्षे टिकते, इलेक्ट्रॉनिक भाग फार तर आठ-दहा वर्षे. दोघांना स्क्रूने एकमेकांशी बांधले की अल्पायुषी भाग दीर्घायुषी भागाला घेऊन बुडतो. म्हणून कपाटाला यंत्राच्या आकाराचे भोक पाडू नका, यंत्रासाठी मोकळा खण ठेवा. साधारण ४५ सेंटिमीटर रुंद, २० सेंटिमीटर उंच आणि ४५ सेंटिमीटर खोल इतकी जागा ठेवली तर आजचा आणि उद्याचा बहुतेक कोणताही अँप्लिफायर बसेल.

साताऱ्यात तुम्हाला पुढचा प्रश्न नाही, पण हा धागा सांगलीकरही वाचतात म्हणून लिहितो. २०१९ साली आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती आणि धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभागात बैठ्या कपाटांचे काय झाले ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड पाण्यात फुगून बिस्किटासारखे सुटले. सागवान आणि चांगला मरीन प्लाय धुऊन, सावलीत वाळवून पुन्हा वापरात आला. तेव्हापासून आमच्याकडे तीन नियम आहेत. खालच्या खणात चादरी आणि उशाच, म्हणजे धुऊन वाळवता येतील असेच सामान. विजेचे सॉकेट चार फुटांच्या वर आणि तारा वरून खाली सोडलेल्या. आणि स्पीकरच्या पेट्या अशा की मागची एक जोडणी सोडली की दोन माणसे त्या उचलून माडीवर नेऊ शकतील. कायम बसवलेली यंत्रणा या तिसऱ्या नियमात नापास होते.

मेढ्याचा_पाऊस (जावळी)

प्लायबद्दल थोडेसे. आमच्याकडे पावसाळ्यात चार महिने भिंती ओल धरतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा शेजार आम्हाला भोगावा लागतो. साताऱ्यात तितके नसले तरी कपाटाची पाठ भिंतीला चिकटवू नका, बोटभर अंतर सोडा. मिस्त्री बाहेरून सनमायका लावून आतली बाजू तशीच सोडतात, मग प्लाय एका बाजूने हवेतली ओल पीत राहतो आणि दारे वाकतात. आतूनही पातळ लॅमिनेट लावून घ्या. तबकड्यांच्या पाकिटांवर बुरशीचे ठिपके येतात ते बंद, न हलणाऱ्या हवेमुळे. तो खण अँप्लिफायरच्या खणाला लागून, पण त्याच्या वर नाही, असा ठेवला तर थोडी ऊब मिळते. वर ठेवला तर तबकड्या तापून वाकतील.

झाळणी (कराड)

विजेच्या जोडण्यांचे राहून गेले होते. स्पीकरच्या तारा आणि मुख्य विजेच्या तारा एकाच नळीतून नेऊ नका. तबकडीयंत्राच्या सुईतून निघणारा विद्युतसंकेत फार क्षीण असतो, चुंबकीय कार्ट्रिजमधून (सुई जिच्यात बसते त्या डबीतून) जेमतेम तीन ते पाच मिलिव्होल्ट. त्याच्या शेजारून मोबाइलच्या चार्जरची किंवा ट्रान्सफॉर्मरची तार गेली की घूं असा आवाज कायमचा मागे लागतो. अँप्लिफायर आणि तबकडीयंत्र एकाच सॉकेटपट्टीवर घ्या, अर्थिंग खरोखर जोडले आहे का ते वायरमनकडून टेस्टरने पाहून घ्या आणि तबकडीयंत्राची बारीक भूतार अँप्लिफायरच्या मागच्या स्क्रूला लावा.

आणखी एक. सांगली आकाशवाणी मध्यमलहरींवर ऐकायची असेल तर रेडिओ या खणात ठेवू नका. आजकालचे अँडॉप्टर आणि डी-वर्गाचे (वीज झपाट्याने चालू-बंद करून चालणारे) अँप्लिफायर मध्यमलहरींवर खरखर पाडतात. जुन्या रेडिओत आत अँटेना म्हणून असलेल्या फेराइटच्या कांडीला दिशाही लागते, म्हणजे रेडिओ थोडा फिरवता यायला हवा.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. मिस्त्रींसोबत बसून जे ठरले ते लिहितो, कुठे चुकत असेल तर काम सुरू होण्यापूर्वी सांगावे.

कपाट ९ फूट लांब आणि मधला भाग २ फूट उंच राहील. दोन्ही टोकांचे खण ३ फूट उंच होतील आणि स्पीकरच्या सुट्या पेट्या त्यांच्या वरच्या भागात, रबरावर, वेताच्या जाळीआड बसतील. त्यांच्या खाली चादरी आणि गोधड्या. तबकडीयंत्र कपाटावर ठेवायचेच नाही, असे ठरले. कोपऱ्यात भिंतीला लोखंडी कंसांवर वेगळी फळी असेल, म्हणजे कपाटाचा हादरा तिच्यापर्यंत जाणार नाही आणि मुलांचा हातही पोचणार नाही. मध्ये अँप्लिफायरचा खण, त्याला पाठ नाही, पुढे जाळीचे दार. लाकडी दार लावले तर रिमोट चालत नाही, हे मुलीने लक्षात आणून दिले. तबकड्यांचे दोन खण त्याच्या दोन्ही बाजूंना, दर सव्वा फुटाला उभी फळी. पेट्या एमडीएफच्या, बाकी सर्व मरीन प्लाय, आतून-बाहेरून लॅमिनेट. गणपतीसाठी मधला दोन फूट उंचीचा भाग पूर्ण मोकळा मिळतो आहे, त्यामुळे आईची संमती सर्वांत आधी मिळाली.

मिस्त्रींचा एकच आक्षेप उरला आहे. भिंतीवरच्या फळीपासून अँप्लिफायरपर्यंत तार नेण्यासाठी नळी गाडायची तर रंग पुन्हा उकरावा लागेल.

आवाज_आणि_अंक (विश्रामबाग, सांगली)

रंग उकरू द्या, नंतर त्याहून जास्त खर्च होईल. नळी किमान २५ मिलिमीटरची टाका आणि तिला काटकोनी वळण देऊ नका. आत नायलॉनची एक सुटी दोरी ओढून ठेवा, पुढे तार बदलायची झाली की तीच उपयोगी पडते. फळी ते अँप्लिफायर ही तार दीड मीटरच्या आत राहील अशी फळीची जागा निवडा. कपाटातल्या उभ्या फळ्यांना तारांसाठी मिस्त्री बोटाएवढी भोके पाडतात, त्यातून तार जाते पण प्लग जात नाही. ती भोके ५० मिलिमीटरची पाडायला सांगा आणि लॅमिनेट चिकटवण्यापूर्वीच पाडून घ्या.